आपण कोठे आहोत, हे यंत्राला कसे कळते?

नागपूरच्या सीताबर्डी भागात, विधानभवनापासून जवळच, वालुकाश्माचा एक जुना स्तंभ उभा आहे. शेजारी चार घोड्यांच्या मूर्ती आहेत. लोक या जागेला ‘झिरो माइल’ किंवा शून्य मैलाचा दगड म्हणतात. १९०७ सालचा हा स्तंभ इंग्रजी अमदानीतल्या भारताच्या मोजणीची खूण आहे. येथून निरनिराळ्या गावांची अंतरे किती मैल आहेत ते तेथे कोरलेले असून, समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा हा आकडा पाहून मोजणी करणाऱ्यांच्या चिकाटीचे नवल वाटते.

आता या स्तंभाजवळ एखादा विद्यार्थी हाताच्या पंजात मावेल असे एक यंत्र घेऊन उभा राहिला, असे समजा. मिनिटाभरात यंत्राच्या पडद्यावर आकडे उमटतात: सुमारे २१ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७९ अंश ५ मिनिटे पूर्व रेखांश. साखळी, दुर्बीण, गणिताची वही, यांतले काहीच लागले नाही. हे यंत्र म्हणजे जीपीएस ग्राहक. जीपीएस म्हणजे जगभर चालणारी स्थाननिश्चितीची उपग्रह-प्रणाली. डोंगरभटकंती करणारे, वनरक्षक आणि ‘जिओकॅशिंग’ नावाचा खजिनाशोधाचा खेळ खेळणारे हे यंत्र जवळ बाळगतात. आज बहुतेक मोबाइल फोनमध्येही असाच एक ग्राहक बसवलेला असतो.

यंत्राने आकडा दिला, पण तो किती खरा मानायचा? रानात वाट चुकण्याची पाळी येते ती बहुधा यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. आकड्याचा अर्थ नीट न समजल्यामुळे येते. म्हणून आकडा कसा तयार होतो, हे आधी पाहू.

साखळी आणि कोन

एखाद्या ठिकाणाचे स्थान ठरवण्याचे काम पूर्वी किती कष्टाचे होते, याची साक्ष विदर्भातच आहे. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजली. तिला पायारेषा म्हणतात. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. लॅम्टनने पायारेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे दुर्बीण रोखून कोन मोजले आणि पहिला त्रिकोण पुरा केला. त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते माणसांनी वाहून नेऊन देवळांच्या शिखरांवर आणि टेकड्यांच्या माथ्यांवर चढवावे लागे.

हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. एव्हरेस्ट हे नाव लक्षात ठेवा. पुढे नकाशाविषयी बोलताना ते पुन्हा येणार आहे.

लॅम्टन कोन मोजत होता. आपले हातातले यंत्र कोन मोजत नाही. ते फक्त अंतरे मोजते.

तीन गावांचे कोडे

नुसत्या अंतरांवरून जागा कशी सापडते, हे कंपासपेटी आणि विदर्भाचा नकाशा घेऊन करून पाहता येईल. समजा, तुम्हांला एक गाव ओळखायचे आहे. ते नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे ३७ किलोमीटरवर आहे, एवढीच माहिती मिळाली. नकाशाच्या प्रमाणाने कर्कटक उघडून नागपूरभोवती वर्तुळ काढा. गाव या वर्तुळावर कोठेही असू शकेल. आता दुसरी माहिती: ते भंडाऱ्यापासून सुमारे ४१ किलोमीटरवर आहे. भंडाऱ्याभोवती दुसरे वर्तुळ काढा. दोन वर्तुळे दोन ठिकाणी छेदतील. एक छेदनबिंदू उत्तरेला रामटेकपाशी येईल, दुसरा दक्षिणेला कुही-उमरेडच्या बाजूला. यांतला खरा कोणता? तिसरी माहिती निवाडा करते: ते गाव वर्ध्यापासून शंभर किलोमीटरहून थोडे अधिक दूर आहे. दक्षिणेकडचा बिंदू वर्ध्याला बराच जवळ आहे. म्हणजे ते गाव रामटेकच.

जीपीएसमध्ये नागपूर, भंडारा आणि वर्धा यांची जागा उपग्रह घेतात. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, साधारण बारा तासांत एक या गतीने पृथ्वीभोवती फिरतात. ही प्रणाली अमेरिकेची. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. मूळ आराखड्यात २४ उपग्रह होते. आता तीसच्या आसपास कार्यरत असतात. मोकळ्या मैदानात उभे राहिलात तर त्यांपैकी अनेक एकाच वेळी तुमच्या क्षितिजाच्या वर असतात.

प्रत्येक उपग्रह रेडिओ लहरींवरून एक संदेश सतत पाठवत असतो. त्याचा मथितार्थ असा: ‘मी अमुक क्रमांकाचा उपग्रह, आता अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.’ तुमचा ग्राहक हा संदेश ऐकतो, आपल्या घड्याळाकडे पाहतो आणि संदेश किती वेळाने पोचला ते काढतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला हे मोजून वीज किती दूर पडली त्याचा अंदाज आपण करतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. डोक्यावरच्या उपग्रहापासून तुमच्यापर्यंत यायला त्यांना सेकंदाचा फक्त पंधरावा हिस्सा लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ग्राहक फक्त ऐकतो. तो उपग्रहाला काहीच कळवत नाही. म्हणून मोबाइलची ‘रेंज’ नसलेल्या रानातही तो चालतो. मात्र फोनमधील नकाशा बहुधा इंटरनेटवरून येत असतो. रेंज गेली की आकडे मिळतात, पण त्यामागचा नकाशा कोरा होतो. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर ही अडचण येत नाही.

सारा खेळ घड्याळाचा

प्रकाशाच्या वेगाने अंतर मोजायचे म्हणजे घड्याळ किती अचूक हवे? सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात रेडिओ लहरी ३०० मीटर जातात. घड्याळ इतकेसेच चुकले तर अंतर ३०० मीटरने चुकेल. उपग्रहांत म्हणूनच अणुघड्याळे बसवलेली असतात. पण ती फार महाग. तुमच्या हातातल्या यंत्रात साधे स्फटिक घड्याळ असते. मग मेळ कसा बसतो?

यावर काढलेली युक्ती मोठी सुरेख आहे. आपल्याला अक्षांश, रेखांश आणि उंची अशा तीन गोष्टी शोधायच्या आहेत. ग्राहकाचे घड्याळ किती चुकते आहे, ही चौथी अज्ञात गोष्ट मानायची. चार अज्ञात संख्या काढायच्या तर चार समीकरणे हवीत, हे बीजगणित तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून ग्राहक किमान चार उपग्रहांचे संदेश घेतो आणि चारही उत्तरे एकदम काढतो. म्हणजे जागेबरोबर अचूक वेळही मिळते.

उपग्रहातील घड्याळांबाबत आणखी एक गंमत आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताप्रमाणे वेगाने जाणारे घड्याळ आपल्याला हळू चालताना दिसते, तर गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या उंचीवरचे घड्याळ जलद चालते. जीपीएस उपग्रहांच्या बाबतीत पहिल्या कारणाने घड्याळ दिवसाला सुमारे ७ दशलक्षांश सेकंद मागे पडते आणि दुसऱ्या कारणाने सुमारे ४५ दशलक्षांश सेकंद पुढे जाते. वजाबाकी करा: ३८ दशलक्षांश सेकंद पुढे. याला ३०० मीटरने गुणा. मोजलेल्या अंतरात दररोज अकरा किलोमीटरहून जास्त फरक पडला असता! म्हणून उपग्रहांतील घड्याळांची गती मुळातच किंचित कमी ठेवलेली असते.

घड्याळ बिघडले तर काय होते, याचा अनुभव आपल्या देशानेही घेतला आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, भारत आणि आसपासच्या प्रदेशासाठी सात उपग्रहांची स्वतंत्र प्रणाली आखली. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला आणि २०१६ मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. पुढे पहिल्या उपग्रहातील तिन्ही रुबिडियम अणुघड्याळे बंद पडली. ती परदेशातून आणलेली होती. उपग्रह आकाशात होता, पण स्थाननिश्चितीच्या कामाचा राहिला नाही. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले.

बिंदू नव्हे, वर्तुळ

घड्याळे बिनचूक असली तरी वाटेत अडथळे आहेत. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात आयनांबर नावाचा विद्युत्भारित कणांचा थर आहे. त्यातून येताना रेडिओ संदेशाला किंचित उशीर होतो. उंच इमारतीच्या किंवा कड्याच्या भिंतीवर आपटून परावर्तित झालेला संदेश लांबच्या वाटेने येतो आणि अंतर वाढवून दाखवतो. शिवाय उपग्रहाचा प्रेषक साधारण पन्नास वॅटच्या दिव्याएवढ्या शक्तीचा असतो. वीस हजार किलोमीटर दूरच्या दिव्याचा उजेड किती मंद असेल, याची कल्पना करा. पेंचच्या सागवानी रानात पावसाळ्यात ओल्या पानांचा मांडव डोक्यावर असला की हा मंद संदेश आणखी क्षीण होतो.

या सर्वांचा परिणाम असा की मोकळ्या जागी हातातले साधे यंत्र सुमारे तीन ते दहा मीटरपर्यंत चुकते. झाडीत किंवा दरीत याहून जास्त. म्हणून पडद्यावरच्या ठिपक्याभोवती मनाशी एक वर्तुळ काढण्याची सवय ठेवावी. ‘मी या ठिपक्यावर आहे’ असे न म्हणता ‘मी बहुधा या वर्तुळात कोठेतरी आहे’ असे म्हणावे. पुष्कळ यंत्रे या वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये दाखवतातही.

चूक कमी करण्याची एक योजना नागपूरशी संबंधित आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांच्या सोयीसाठी ‘गगन’ नावाची व्यवस्था उभारली. देशात पंधरा ठिकाणी तिची संदर्भ केंद्रे स्थापन झाली, त्यांत नागपूर हे एक. केंद्राची नेमकी जागा आधीच काटेकोरपणे मोजलेली असते. उपग्रहांवरून मिळणारे उत्तर त्या खऱ्या जागेपासून किती ढळते ते पाहून दुरुस्तीचे आकडे तयार करतात आणि ते भूस्थिर उपग्रहामार्फत सर्वत्र प्रसारित होतात. गगनचा संदेश घेऊ शकणारा ग्राहक त्यांचा उपयोग करून आपले वर्तुळ लहान करतो.

लपवलेल्या डब्याचा खेळ

वर्तुळ लहान झाले की काय घडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जिओकॅशिंग. हातात धरण्याजोगे जीपीएस ग्राहक १९८९ पासून बाजारात आले होते. पण नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे उत्तर शंभर मीटरपर्यंत ढळे. मे २००० च्या आरंभी ही मुद्दामची चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलँड शहराजवळच्या झाडीत, एकाने एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. थोड्याच दिवसांत इतरांनी ती शोधून काढली. आत एक वही होती. सापडेल त्याने तीत नोंद करायची. आतली एखादी वस्तू घ्यायची, त्याऐवजी आपली एक ठेवायची. यातूनच हा खेळ जगभर पसरला.

हा खेळ आधी का सुरू झाला नाही? गणित करून पहा. शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे तीन हेक्टरांहून जास्त. एवढ्या झाडीत डबा शोधणे म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधणे. त्रिज्या पाच मीटरवर आली की क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर, एखाद्या मोठ्या वर्गखोलीएवढे. त्रिज्या वीसपट कमी झाली, तर शोधायची जागा चारशेपट कमी झाली. आता काम डोळ्यांचे! वर्गाएवढ्या जागेत दगडाची कपार, पोकळ खोड, वाळक्या पानांचा ढीग पाहत फिरायचे. यंत्र तुम्हांला वर्तुळापर्यंत नेते. पुढे निरीक्षणच उपयोगी पडते.

आपल्याकडे हा खेळ खेळताना तारतम्य बाळगले पाहिजे. बेवारस डबा रस्त्यावर, स्थानकात किंवा बागेत ठेवला तर लोक घाबरतील आणि पोलिसांची धावपळ होईल. व्याघ्रप्रकल्पात आणि राखीव जंगलात परवानगीवाचून पायी हिंडण्यास मनाई आहे. डबा न ठेवता खेळण्याचा प्रकार मात्र येथे चांगला जमेल. एखादी जागा आकड्यांनी सांगायची आणि तेथे पोचल्यावरच उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा. उदाहरणार्थ, झिरो माइलचे आकडे देऊन विचारावे, ‘येथे कोणकोणत्या गावांची अंतरे कोरली आहेत?’

आकडे वाचताना होणारी गफलत

शोधणारे चुकतात ते पुष्कळदा आकडे लिहिण्याच्या पद्धतीमुळे. एकच अक्षांश तीन प्रकारे लिहितात: अंश, मिनिटे, सेकंद, अंश आणि दशांश मिनिटे, किंवा नुसते दशांश अंश. समजा, मित्राने कळवले: २१ अंश ९.५० मिनिटे. याचा अर्थ साडेनऊ मिनिटे, म्हणजे ९ मिनिटे ३० सेकंद. तुम्ही घाईने ते ९ मिनिटे ५० सेकंद असे यंत्रात भरले, तर २० सेकंदांची चूक झाली. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. म्हणजे तुम्ही सहाशे मीटरांहून अधिक उत्तरेला जाऊन पोचाल आणि यंत्राला दोष द्याल!

रेखांशाचा सेकंद नागपूरला किंचित लहान, सुमारे २९ मीटरचा असतो, कारण रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात. दशांश अंशांत लिहिले तर दुसरे दशांश स्थळ सुमारे एक किलोमीटर दाखवते आणि पाचवे सुमारे एक मीटर. यंत्र पाच मीटर चुकत असताना सातव्या-आठव्या स्थळापर्यंत आकडे उतरवून घेण्यात काही अर्थ नाही.

जुना नकाशा, नवे यंत्र

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे अजूनही अनेक शाळांत आणि गिर्यारोहण मंडळांत आहेत. त्यांवर यंत्राचा आकडा जसाच्या तसा मांडला, तर ठिपका खऱ्या जागेपासून शंभर मीटरहून अधिक दूर पडतो. यात यंत्राचे चुकत नाही आणि नकाशाचेही नाही. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिला किती चपटी धरायची आणि मध्य कोठे मानायचा, यावर अक्षांश-रेखांश अवलंबून असतात. जुने नकाशे १८३० साली एव्हरेस्टने ठरवलेल्या आकाराच्या पृथ्वीवर बेतलेले आहेत. जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ नावाचा नवा आकार वापरते. एकाच वर्गातल्या दोन मुलांनी खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बाकांची अंतरे मोजावीत, तसा हा प्रकार आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने २००५ च्या नकाशा-धोरणानंतर काढलेले खुले नकाशे नव्या आकारावर आहेत. नकाशाच्या समासात हे छापलेले असते. ते आधी वाचावे आणि यंत्रातही तीच पद्धत निवडावी.

उंचीचे गौडबंगाल

झिरो माइलची १०२०.१७१ फूट उंची म्हणजे सुमारे ३११ मीटर. पण काही यंत्रे किंवा मोबाइलमधील काही प्रोग्राम तेथे सुमारे २५० मीटर असा आकडा दाखवू शकतात. हे साठ मीटर कोठे गेले?

उपग्रह प्रणाली उंची मोजते ती गणिताने मानलेल्या गुळगुळीत पृथ्वीपासून. आपण उंची सांगतो समुद्रसपाटीपासून. पृथ्वीच्या पोटातील द्रव्य सर्वत्र सारखे नसल्यामुळे गुरुत्वाकर्षणही थोडे कमीजास्त असते, आणि समुद्राची पातळी त्याप्रमाणे वरखाली होते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची पातळी या गणिती पृथ्वीपेक्षा शंभर मीटरांहून खाली आहे. त्या खोलगट भागाचा परिणाम भारतभर पसरलेला आहे. नागपूरखाली कल्पिलेली समुद्रसपाटी गणिती पृथ्वीपेक्षा साठ मीटरांच्या आसपास खाली येते. चांगल्या यंत्रात या फरकाचे कोष्टक भरलेले असते आणि ते दुरुस्ती करूनच उंची दाखवते. तरीही उंचीचा आकडा अक्षांश-रेखांशांपेक्षा जास्त चुकतो, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात. पायाखालून मोजणारा कोणी नसतो.

रानात जाताना

यंत्रातला बाण लक्ष्याकडे सरळ रेषा दाखवतो. मध्ये नाला आहे, कडा आहे की काटेरी झुडपे, हे त्याला माहीत नसते. चिखलदऱ्याच्या पठारावर समोरची सोंड अर्ध्या किलोमीटरवर दिसते, पण मध्ये खोल दरी असली तर वळसा घालून जाण्यात दिवसाचा मोठा भाग जातो. बाणाच्या मागे लागून कड्यावरून उतरू पाहणे हा जिवाशी खेळ आहे. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

निघण्याच्या जागी यंत्र चालू करून उपग्रह मिळेपर्यंत थांबा आणि ती जागा यंत्रात नोंदवून ठेवा. परत यायचे ते याच ठिकाणी. चालताना आलेल्या वाटेची रेघ नोंदवणारी सोय चालू ठेवा. वाट चुकल्यास नवी वाट न शोधता त्या रेघेवरून मागे फिरा. साध्या यंत्राला तुम्ही चालत असतानाच दिशा कळते. उभे असताना बाणावर विसंबू नका, चुंबकसूची वापरा. कागदी नकाशा आणि जादा विद्युत्घट बरोबर असू द्या. कोठे जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून निघा. तुम्ही कोठे आहात हे यंत्राला कळते. घरच्यांना ते आपोआप कळत नाही. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी वेगळी यंत्रेही असतात, पण भारतात ती बाळगण्यास सरकारी परवाना लागतो.

या यंत्राने रानातले कामही शिस्तीचे झाले आहे. २०१० पासून व्याघ्रप्रकल्पांत ‘एम-स्ट्राइप्स’ ही पद्धत आली. वनरक्षक गस्त घालताना त्याच्या वाटेची आणि आढळलेल्या पाऊलखुणांची नोंद अक्षांश-रेखांशांसह होते. कोणत्या भागात कित्येक दिवसांत कोणी फिरकले नाही, हे त्यावरून नकाशावर दिसते.

शाळेत करून पहा

शाळेच्या मैदानात मधोमध एक खुंटी ठोका. यंत्र किंवा मोबाइल तिच्यावर ठेवून दर अर्ध्या मिनिटाला एक, अशी वीस वाचने दशांश मिनिटांत लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा वीस घ्या. चाळीस वाचनांची सरासरी काढा. आता प्रत्येक वाचन सरासरीपासून किती दूर आहे ते मीटरमध्ये मांडा. नागपूरला अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर आणि रेखांशाचा १.७३ मीटर. आलेखाच्या कागदावर चाळीस ठिपके काढा आणि निम्मे ठिपके मावतील एवढे वर्तुळ त्यांच्याभोवती आखा. हीच तुमच्या यंत्राची खरी ओळख. मग हाच प्रयोग दाट झाडाखाली आणि इमारतीच्या भिंतीला लागून करा आणि तिन्ही वर्तुळे शेजारीशेजारी ठेवून पहा. एकाच दिवसाची वाचने एकमेकांजवळ येतात, पण दोन दिवसांचे पुंजके वेगळे पडतात, असेही दिसेल. एका दिवसाच्या वाचनांवर भिस्त ठेवू नये ती यासाठीच.

हे झाल्यावर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आवारात पाच चिठ्ठ्या लपवा आणि दुसऱ्या तुकडीला त्यांचे अक्षांश-रेखांश द्या. प्रत्येक आकड्यापुढे आपल्या प्रयोगातून निघालेल्या वर्तुळाची त्रिज्याही लिहा, म्हणजे किती जागा धुंडाळायची हे शोधणाऱ्यांना आधीच कळेल.